आडनाव ‘फिशर’, म्हणजे आपल्याच धंद्यातला माणूस!



शाळेत आडनावावरून चिडवतात म्हणून काही पोरं आडनाव बदलायचं म्हणतात. त्यांच्यासाठी आजची ही माहिती.

इंग्रजांमध्ये ‘फिशर’ आडनाव बरंच आढळतं. अर्थ सरळ आहे, मासे धरणारा. साधारण ७००-८०० वर्षांपूर्वी इंग्लंडात एकाच गावात चार-चार विल्यम असायचे. कोणता विल्यम? मासे धरणारा! असा नावाला धंदा चिकटला. पुढच्या पिढ्यांनी जाळं सोडलं, पण आडनाव राहिलं. जर्मनीतही हेच फिशर, आणि हॉलंडात ‘फिसर’.

आपल्याकडं काय वेगळं आहे? धारवाड-कारवार भागात अंबिग, अंबिगेर ही आडनावं आहेत. कन्नडात अंबिग म्हणजे नावाडी. बाराव्या शतकात, बसवण्णांच्या काळात, वचनं रचणारे अंबिगर चौडय्या स्वतः नाव चालवायचे. धंदा लपवला नाही, नावातच मिरवला.

किनाऱ्यावर ‘तांडेल’. होडीवरचा म्होरक्या, ज्याच्या शब्दावर जाळं पडतं आणि ज्याच्या भरवशावर खलाशी घरी परततात. तसंच ‘नाखवा’. फारसीत ‘नाखुदा’ म्हणजे नावेचा धनी, त्यातून हा शब्द आला.

गंमत बघा. जुन्या काळी इंग्रजांच्या जहाजांवर आपल्याकडच्या खलाशांच्या मुकादमाला ‘टिंडल’ म्हणत. तो आपलाच तांडेल! पण इंग्रजांत ‘टिंडल’ आडनावही आहे, ते मात्र टाईन नदीच्या खोऱ्यावरून पडलेलं. त्याचा होडीशी काही संबंध नाही. म्हणून नुसत्या नावावरून कुणाचा धंदा किंवा जात ठरवू नये.

आणि चिडवणाऱ्यांना एवढंच सांगा: १९०४ साली ब्रिटिश आरमाराच्या प्रमुखपदी बसलेल्या माणसाचं नाव होतं जॉन फिशर. त्यानं काही आडनाव बदललं नाही.

जाता जाता एक कामाची गोष्ट. आडनाव अभिमानानं लावा, पण सगळीकडं एकसारखं लिहा. आधारवर एक स्पेलिंग, बँकेत दुसरं आणि होडीच्या कागदावर तिसरं असेल, तर अनुदानाच्या वेळी फाईल अडते. आजच घरी कागदं काढून ताडून बघा.

तुमच्या आडनावाचा अर्थ काय? घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि खाली लिहा.