सोळा ऑगस्टचा जमाखर्च

वृत्तपत्राच्या कोपऱ्यात ‘दिनविशेष’ म्हणून चार ओळींचे जे सदर असते, ते बहुतेक वाचक चहाच्या घोटाबरोबर वाचतात आणि घोटाबरोबरच विसरतात. कोणी जन्मला, कोणी निवर्तला, कसली तरी स्थापना झाली. एका तारखेखेरीज या नोंदींना बांधणारे काहीच नसते. तारीख हा निव्वळ योगायोग; त्यात अर्थ शोधणे हे ज्योतिष्यांचे काम. हे सारे मान्य केले, तरी योगायोगाने शेजारी येऊन बसलेल्या माणसांकडे एकत्र पाहिले असता कधी कधी असे काही दिसते, जे एकेकट्याकडे पाहताना नजरेतून निसटते. लोकप्रिय संगीताच्या इतिहासात १६ ऑगस्ट ही अशी एक तारीख आहे.

१६ ऑगस्ट १९३८ रोजी अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात, ग्रीनवुड गावानजीक, रॉबर्ट जॉन्सन नावाचा कृष्णवर्णीय गायक वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी मरण पावला. गावोगाव हिंडून, गिटारवर ‘ब्लूज’ गाऊन पोट भरणारा हा फिरस्ता. १९३६ आणि १९३७ साली टेक्सासमध्ये त्याची २९ गाणी ध्वनिमुद्रित झाली, एवढीच त्याची पुंजी. मृत्यूच्या दाखल्यावर कारणाच्या जागी डॉक्टर नव्हता, एवढीच नोंद आहे. त्याच वर्षीच्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये त्याने गावे म्हणून जॉन हॅमंड हे संयोजक त्याचा शोध घेत होते. तो हयात नाही असे कळल्यावर त्यांनी रंगमंचावरून त्याच्या तबकड्या वाजवून दाखवल्या. पुढे १९६१ साली त्याच्या गाण्यांची लाँगप्ले निघाली आणि इंग्लंडमधील तरुण गिटारवादकांनी ती जणू पाठ्यपुस्तकासारखी गिरवली. १९९० साली निघालेला त्याच्या समग्र गाण्यांचा संच दहा लाखांहून अधिक खपला. त्या उत्पन्नावरील त्याच्या मुलाचा वारसाहक्क मिसिसिपीच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला तो २००० साली, म्हणजे बापाच्या मृत्यूनंतर बासष्ट वर्षांनी!

दुसरी नोंद १६ ऑगस्ट १९६२ ची, लिव्हरपूल शहरातील. बीटल्स या चमूचे व्यवस्थापक ब्रायन एपस्टाइन यांनी ड्रमवादक पीट बेस्ट याला कार्यालयात बोलावून त्याची आता आवश्यकता नसल्याचे सांगितले. दोन वर्षे सोबत वाजवलेल्या साथीदारांपैकी कोणीही त्या वेळी हजर नव्हते. त्याच्या जागी रिंगो स्टार आला आणि दोन महिन्यांच्या आत पहिली तबकडी बाजारात आली. पुढचा इतिहास जगाला ठाऊक आहे. बेस्ट मात्र लिव्हरपूलमध्येच सरकारी नोकरीत अनेक वर्षे राहिला. १९९५ साली जुन्या ध्वनिमुद्रणांचा संग्रह निघाला, त्यात त्याचे वादन असल्याने त्याच्या वाट्याला स्वामित्वधन आले. तेहतीस वर्षांनी का होईना, देणे चुकते झाले.

तिसरी नोंद सर्वांत प्रसिद्ध. १६ ऑगस्ट १९७७ रोजी मेम्फिस येथील आपल्या ‘ग्रेसलँड’ या घरी एल्विस प्रेस्ली बेचाळिसाव्या वर्षी मरण पावला आणि अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी शोकसंदेश प्रसृत केला. जॉन्सनच्याच मिसिसिपीत जन्मलेल्या या गोऱ्या तरुणाने १९५४ साली पहिली तबकडी काढली, ती आर्थर क्रूडप या कृष्णवर्णीय गायकाच्या गाण्याची. क्रूडपचे ऋण एल्विसने वृत्तपत्राला दिलेल्या मुलाखतीत मोकळेपणाने मान्य केले होते. प्रकाशकांनी मात्र ते हिशेबाच्या वहीत उतरू दिले नाही. स्वामित्वधनासाठी झगडत क्रूडप १९७४ साली वारला. विलक्षण गोष्ट अशी की, ज्याला ‘सम्राट’ म्हटले गेले, तोही या व्यवहारातून सुटला नाही. १९७३ साली त्याच्या तोवरच्या सर्व ध्वनिमुद्रणांचे हक्क कंपनीने ५४ लाख डॉलरना कायमचे विकत घेतले आणि त्यातला निम्मा वाटा त्याच्या व्यवस्थापकाने उचलला.

चौथी नोंद आपल्या कानांना जवळची. १६ ऑगस्ट १९९७ रोजी लंडनच्या रुग्णालयात नुसरत फतेह अली खाँ यांचे वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी निधन झाले. कव्वालीला पीराच्या दर्ग्यापासून युरोप-अमेरिकेच्या व्यासपीठांपर्यंत नेणाऱ्या या गायकाच्या चालींनी मुंबईच्या चित्रसृष्टीलाही मोह घातला होता. ‘बँडिट क्वीन’ला त्यांनी स्वतः संगीत दिले, परंतु त्याच वर्षी, १९९४ साली, ‘मोहरा’ चित्रपटातील जे गाणे देशभर दुमदुमले, त्याची चाल खाँसाहेबांच्या ‘दम मस्त कलंदर’वर बेतलेली होती, हे मात्र श्रेयनामावलीत शोधून सापडले नसते.

पाचवी नोंद १६ ऑगस्ट २०१८ ची. ॲरेथा फ्रँकलिन डेट्रॉइटमध्ये निवर्तली. तिने १९६७ साली गायलेले ‘रिस्पेक्ट’ हे नागरी हक्कांच्या आणि स्त्रीमुक्तीच्या चळवळींचे जणू घोषवाक्य झाले. अमेरिकन नभोवाणीवर ते असंख्य वेळा वाजले. परंतु त्या देशाचा कायदा नभोवाणीच्या प्रक्षेपणाचे स्वामित्वधन रचनाकाराला देतो, गाणाऱ्याला नाही. रचना ओटिस रेडिंगची असल्याने तो मोबदला रचनेच्या मालकांकडे गेला. आपले मानधन ॲरेथा रोख आणि आधी मागून घेई. पैशाची पिशवी रंगमंचावरही नजरेआड होऊ देत नसे. लोक याला लहर म्हणत. वरच्या चार नोंदी वाचल्यावर तिला लहर म्हणणे कठीण आहे.

यावर असा आक्षेप घेता येईल की, संगीत हे मुळातच उसनवारीवर जगते. तो खरा आहे. जॉन्सनने आपल्या आधीच्या गवयांकडून चाली घेतल्या होत्या. खाँसाहेबांची कव्वाली तर कित्येक पिढ्यांची ठेव. उसने घेणे हा गुन्हा नव्हे. किंबहुना त्यावाचून परंपरा चालणारच नाही. गुन्हा आहे तो उसने घेतल्याचे विसरण्याचा. कायद्याने कागदावरील स्वर आणि शब्द यांना मालमत्ता मानले. गळा, बोटे आणि ठेका यांना मात्र दीर्घकाळ मजुरी मानले. ज्यांच्याजवळ कागद होता ते मालक ठरले आणि ज्यांच्याजवळ केवळ कला होती ते रोजंदारीवर राहिले.

हा प्रश्न परदेशापुरता नाही. ध्वनिमुद्रिकांच्या विक्रीत गायकालाही वाटा मिळाला पाहिजे, असा आग्रह १९६० च्या दशकात लता मंगेशकर यांनी धरला, तेव्हा त्यांच्याच क्षेत्रातून त्यांना विरोध झाला. महंमद रफी यांचे मत निराळे असल्याने दोघांची युगुलगीते काही वर्षे थांबली. गीतकार व संगीतकार यांचा स्वामित्वधनातील वाटा कराराने काढून घेता येणार नाही, अशी तरतूद आपल्या कायद्यात आली ती २०१२ साली. तोवर किती कलावंत हलाखीत गेले, याची मोजदाद कोणत्याच दिनविशेषात नाही.

जन्ममृत्यूच्या नोंदी ठेवणे सोपे असते, कारण त्या कोणाच्या खिशाला चाट लावीत नाहीत. येत्या १६ ऑगस्टला एल्विसचे गाणे पुन्हा वाजेल आणि ते वाजलेच पाहिजे. त्या सुरावटीमागे आर्थर क्रूडप हे नाव एखाद्या निवेदकाने उच्चारले, तरी बासष्ट-बासष्ट वर्षे रखडणाऱ्या देण्यांपैकी सर्वांत स्वस्त देणे फिटल्यासारखे होईल. पैशाचा हिशेब न्यायालये आणि विधिमंडळे करतील. नामोच्चाराचा हिशेब ऐकणाऱ्यांच्याच हाती आहे.