पहिली सुई कोणाची?

चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाच्या गुडघ्याजवळ सूज येते, रात्री ठणका लागतो, आणि घरात सगळे एकच गोष्ट धरून बसतात: होडीवरून उडी मारताना पडला होता. पडला हे खरं असेल, पण कॅन्सर पडल्याने होत नाही. ऑस्टिओसार्कोमा हा हाडाचा कॅन्सर जास्त करून 10 ते 20 या वाढीच्या वयात आणि बहुतेक वेळा गुडघ्याच्या आसपास होतो, जिथे हाडं सर्वांत भराभर वाढतात. मार लागल्यामुळे आधीच असलेल्या गाठीकडे लक्ष जातं, एवढंच. तेव्हा "मी त्याला पाठवलंच नसतं तर" हा सल आईने मनातून काढून टाकावा.

खरं नुकसान पुढच्या आठवड्यांत होतं. आपल्याकडे पाय दुखला की चोळून घेण्याची, हाड बसवणाऱ्याकडे जाण्याची सवय अजून सुटलेली नाही. पण आतून पोखरलेलं हाड चोळण्याने, ओढण्याने मोडू शकतं, आणि मोडलं की पाय वाचवणं अवघड होऊन बसतं. झोपेतून उठवणारं दुखणं दोन-तीन आठवड्यांत हटलं नाही, तर तेलाची बाटली बाजूला ठेवून साधा एक्स-रे काढून घ्या.

"सुई टोचली की कॅन्सर पसरतो" हा समज सर्वांत चिवट, कारण त्यात खऱ्याचा एक कण आहे. बायोप्सीशिवाय निदान पक्कं होत नाही आणि नीट केलेल्या बायोप्सीने रोग अंगभर पसरत नाही. पण सुई ज्या वाटेने आत जाते, त्या वाटेवर काही पेशी सांडू शकतात. म्हणून ऑपरेशनच्या वेळी सर्जन ती वाट, कातडीवरच्या खुणेसकट, गाठीबरोबर काढून टाकतात. ही वाट भलत्या जागी पडली किंवा कुणी "थोडं कापून बघू" म्हणत गाठ उघडली, तर वाचू शकणारा पायही हातचा जातो. त्यामुळे आधी एमआरआय, मग बायोप्सी, आणि तीही पुढे ऑपरेशन करणाऱ्या टीमनेच किंवा तिच्या सांगण्यावरून. माझ्या मते रायगडमधल्या प्रत्येक घराला एवढी एक गोष्ट माहीत असली, तरी बरेच पाय वाचतील. अशी टीम फार लांब नाही: परळचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल 1941 पासून उभं आहे आणि त्याच संस्थेचं ॲक्ट्रेक हे केंद्र खारघरला, म्हणजे आपल्याच जिल्ह्यात आहे.

निदान झालं की नातेवाईक विचारतात, "गाठ दिसतेय ना, मग आधी काढून का टाकत नाहीत?" केमोथेरपी यायच्या आधी नुसता पाय कापत असत, आणि तरी पाचांतली चार मुलं दगावत, कारण न दिसणाऱ्या पेशी तोवर फुप्फुसात पोहोचलेल्या असत. कॅनडाच्या टेरी फॉक्सचा पाय याच कॅन्सरमुळे 1977 मध्ये कापला, नंतर केमोही दिली. तो कृत्रिम पायावर 1980 मध्ये देशभर धावायला निघाला, तोच रोग फुप्फुसात आढळला आणि 1981 मध्ये, वयाच्या 22व्या वर्षी तो गेला. आता साधारणपणे आधी दोन-तीन महिने केमो, मग ऑपरेशन, मग पुन्हा केमो, असा क्रम असतो. रोग इतरत्र पसरलेला नसेल तर चांगल्या उपचाराने तीनांतली जवळपास दोन मुलं बरी होतात. वयात आलेल्या मुलाचं वीर्य साठवून ठेवायचं असेल, तर ते केमोच्या पहिल्या सलाईनआधीच. विषय संकोचाचा आहे, पण डॉक्टरांना त्याच वेळी विचारा.

केमोच्या काळात 100.4 फॅरेनहाइटच्या वर ताप गेला तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहायची नाही. रात्री मांडव्याहून बोट मिळत नाही आणि श्रीवर्धनहून मुंबई काही तासांच्या अंतरावर आहे. जवळच्या कुठल्या दवाखान्यात जायचं, कोणाला फोन करायचा, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून आणा.

"पाय वाचवला म्हणजे कॅन्सर आत राहिला" हेही चूक. गाठ भोवतालच्या निरोगी भागासकट पूर्ण निघाली, तर पाय ठेवला काय नि कापला काय, जगण्याची शक्यता सारखीच असते. आज बहुतेक मुलांचा पाय वाचतो. काढलेल्या हाडाच्या जागी धातूचा सांधा बसवतात. देशी बनावटीचे सांधे परदेशीपेक्षा बरेच स्वस्त पडतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं, ते सांधा ठरवण्याआधीच हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात विचारा. पण हा सांधा जन्मभर पुरेलच असं नाही. तो झिजतो, जंतुसंसर्ग होऊ शकतो, काही वर्षांनी पुन्हा ऑपरेशन लागू शकतं. मुख्य नस-रक्तवाहिन्या गाठीत गुरफटल्या असतील तर पाय कापणंच सुरक्षित ठरतं, आणि चांगल्या कृत्रिम पायावर मुलं हिंडतात-फिरतात.

किनाऱ्यावरच्या घरात आणखी एक हुकूम निघतो: मासे बंद, जखम चिघळेल. ॲलर्जी नसेल तर ताजा, नीट शिजवलेला बांगडा, सुरमई, कोळंबीसुद्धा चालते. जखम भरायला प्रथिनं लागतातच. टाळायचं ते शिळं, अर्धकच्चं आणि उघड्यावरचं. झाडपाल्याचा काढा मात्र डॉक्टरांना न सांगता देऊ नका.

ऑपरेशनची तारीख मिळाली की घराकडे बघा. नव्या गुडघ्याने उकिडवं बसता येत नाही, त्यामुळे कमोड किंवा कमोडची खुर्ची हवी. पावसाळ्यात पडवीच्या पायरीवर आणि मोरीबाहेरच्या चिऱ्यावर शेवाळ धरतं. ते खरवडून काढा, आणि कुबड्यांची सवय मुलाला आधीच, धडधाकट हातांनिशी करू द्या. किडलेला दात असेल तर दाखवून घ्या, त्यातले जंतू रक्तातून नव्या सांध्यापर्यंत जाऊ शकतात.

"त्याला काही सांगू नका, खचेल." वॉर्डात शेजारच्या खाटेवरून त्याला सगळं कळणारच असतं. मग आई-वडील खोटं बोलले, एवढंच त्याच्या लक्षात राहतं. 18 वर्षांखालच्या मुलाच्या कागदावर सही तुमची असली, तरी त्याचे प्रश्न त्यालाच वहीत लिहू द्या: व्रण केवढा असेल, पोहता येईल का, सायकल चालवता येईल का. जखम पूर्ण भरल्यावर, सर्जनने हो म्हटलं की, पोहणं आणि सायकल बहुतेकांना जमते. उड्यांचे आणि अंगाला अंग भिडणारे खेळ सोडावे लागतात.