अदृश्य पाण्याचा शोध

जिज्ञासा हा मनुष्याचा उपजत गुण आहे. डोंगरापलीकडे काय आहे, या प्रश्नाने त्याला प्रवासी केले. पायाखाली काय आहे, या प्रश्नाने त्याला काय दिले, हे पाहावयाचे असेल तर बऱ्हाणपूरच्या लालबागेत यावे.

येथे जमिनीवर ठराविक अंतराने गोल कुंड्यांची तोंडे ओळीने दिसतात. हाच कुंडी भंडारा. लोकांच्या तोंडी खुनी भंडारा. जहांगीर बादशहाच्या काळी बऱ्हाणपूर दख्खनच्या मोहिमांचे मुख्य ठाणे होते. तापी जवळच, पण शहर उंच काठावर वसलेले आणि लष्कराची तहान मोठी. तेव्हा सुभेदार अब्दुल रहीम खानखानान यांनी १६१५ मध्ये ही योजना उभारली. दोह्यांचे कवी रहीम ते हेच. जलमार्गाची आखणी करणाऱ्या इराणी भूगर्भज्ञाचे नाव तबकुतुल अर्ज असे सांगतात. या शब्दांचा अर्थच मुळी ‘भूमीचे थर’!

सातपुड्याच्या उतारावर मुरलेले पाणी भूमिगत वाटेने तापीकडे निघते. त्या तज्ज्ञाने जमिनीचा उतार वाचला आणि न दिसणाऱ्या पाण्याचा माग काढला. मग कुंड्या खणून त्या तळाशी भुयाराने जोडल्या. भुयाराला उतार अगदी बेताचा. त्यामुळे रहाट नाही, मोट नाही, पाणी आपल्याच ओढीने शहराकडे वाहते. कुंड्यांतून आत हवा जाते आणि सफाईसाठी माणूसही उतरू शकतो. इराणात या विद्येस कनात म्हणतात. गंमत अशी की, रणांगणावर खानखानानांशी झुंजणाऱ्या मलिक अंबरानेही त्याच सुमारास खडकीस, म्हणजे पुढील औरंगाबादेस, भूमिगत नहर आणली. वैरी दोन, कुतूहल एकच.

आमच्या शाळेतील मुलांना आम्ही येथे आणतो, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न असतो, “गुरुजी, हे पाणी येते कोठून?” उत्तर आम्ही लगेच देत नाही. आधी सातपुड्याकडे पाहा म्हणतो, मग तापीकडे. बहुतेकांना उत्तर आपोआप सापडते. मात्र कुंडीच्या काठावरून कोणी वाकू लागला की त्याला मागे ओढणे, हेही आमचेच काम. धाडसाला सावधपणाची जोड नसेल तर ते आंधळे ठरते.

२०२४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत या भंडाऱ्याचा समावेश झाला. आनंदच आहे. परंतु यादीतील नावाने झरे वाहत नाहीत. भुयारात क्षार साचून वाट अरुंद होते. वरच्या उतारावर खोल कूपनलिका वाढल्या, झाडे तुटली, की भूमीत पाणी मुरण्याआधीच ते हरवते. ज्यांनी जमिनीआडचे पाणी ओळखले, त्यांच्या वारसांना जमिनीवरची झाडे दिसू नयेत काय?

वाचकहो, लालबागेत आलात तर कुंडीत नुसते डोकावून परतू नका. कान देऊन पाणी ऐका, आणि मग आपल्या गावच्या विहिरीचे पाणी कोठून येते, याचाही एकदा शोध घ्या.