शेवटचा एक यार्ड

गेल्या आठवड्यात स्कॉट नॉरवूडची किक पाहिली. १९९१च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्यात, ४७ यार्डांवरून त्याने मारलेला चेंडू उजव्या खांबाच्या बाहेरून गेला आणि बफेलो बिल्स एका गुणाने हरले. ४७ यार्ड हा लांबचा पल्ला आहे, तिथली चूक लोक निदान समजून तरी घेतात. या आठवड्याचा मामला नेमका उलटा. चेंडू गोल लाइनपासून जेमतेम एका यार्डावर, म्हणजे तीन फुटांवर. कापडाच्या दुकानात मोजून देतात तो एक वार. सहाफुटी खेळाडू नुसता पुढे आडवा झाला तरी पलीकडे पोचावा. तरीही अजिंक्यपदाच्या सामन्यांमधल्या कितीतरी अमर गोष्टी, आणि कितीतरी न मिटलेले वाद, याच तीन फुटांत घडलेले आहेत.

थोडे नियम आधी. चेंडू घेऊन गोल लाइन ओलांडली की टचडाउन. आक्रमण करणाऱ्या संघाला चार प्रयत्न मिळतात, त्यांना डाउन म्हणतात. तेवढ्यात दहा यार्ड पुढे सरकलं की नवे चार डाउन. गोल लाइन दहा यार्डांच्या आत आली की नव्या डाउनची आशा जवळपास संपते. आहेत त्या चारांतच काम भागवायचं. मैदानाच्या मध्यावर बचावाच्या अकरा जणांना लांब पास, आखूड पास, धाव अशा सगळ्याचीच धास्ती असते, म्हणून काही जण मागे राखणीला थांबतात. एका यार्डावर मात्र पाठीशी राखायला उरतो तो फक्त दहा यार्ड खोलीचा एंड झोन. मग जवळपास सगळेच पुढे येऊन भिडतात, आणि सव्वाशे-दीडशे किलोच्या माणसांच्या त्या गर्दीत फट म्हणून सापडत नाही.

दुसरा नियम घड्याळाचा. चेंडू घेऊन पळणाऱ्याला मैदानाच्या आत पाडलं तर घड्याळ चालूच राहतं. पास कुणाच्या हाती न लागता जमिनीवर पडला तर ते थांबतं. याशिवाय प्रत्येक अर्ध्या भागात दर संघाला तीन टाइमआउट. पुढे जे येणार आहे त्यातला बहुतेक गोंधळ या दोन वाक्यांमधूनच निघतो.

३१ डिसेंबर १९६७. विस्कॉन्सिन राज्यातल्या ग्रीन बे गावात, लॅम्बो फील्डवर, एनएफएल या लीगच्या अजिंक्यपदासाठी ग्रीन बे पॅकर्स आणि डॅलस काउबॉइज समोरासमोर. सामना सुरू झाला तेव्हा तापमान उणे २५ अंश सेल्सिअस. जमीन गोठू नये म्हणून पॅकर्सचे प्रशिक्षक व्हिन्स लोम्बार्डी यांनी त्याच वर्षी मैदानाखाली विजेच्या तारांचं जाळं घालून घेतलं होतं, आणि त्याचा त्यांना भारी अभिमान होता. ऐन वेळी त्या जाळ्याने दगा दिला. ताडपत्री काढल्यावर खाली साठलेला ओलावा बघता बघता गोठला. मुख्य पंच नॉर्म शाख्टर यांनी धातूची शिट्टी फुंकली तर ती ओठांना चिकटली. ओढून काढताना कातडी सोलून आली. मग उरलेला सामना पंचांनी शिट्ट्या बाजूला ठेवून ओरडून चालवला. पन्नास हजारांवर माणसं हे सगळं बाकांवर बसून बघत होती. हौस म्हणावी की हट्ट, हे ग्रीन बेकरांनाच विचारावं.

चार मिनिटं पन्नास सेकंद उरली असताना पॅकर्स १४-१७ असे मागे होते आणि गोल लाइन ६८ यार्ड लांब होती. खेळी चालवणारा क्वार्टरबॅक बार्ट स्टार याने आखूड पास आणि धावा यांची सांगड घालत संघाला तिथपर्यंत आणलं. शेवटी यार्डभरही अंतर उरलं नाही. दोनदा चेंडू डॉनी अँडरसनच्या हाती दिला, दोन्ही वेळा बर्फावर पाय ठरेना. घड्याळात १६ सेकंद, तिसरा डाउन. स्टारने शेवटचा टाइमआउट घेतला आणि तो लोम्बार्डींकडे गेला.

समोर तीन वाटा होत्या. फील्ड गोल, म्हणजे खांबांमधून किक, मारला तर तीन गुण, बरोबरी आणि जादा वेळ. पास टाकला आणि तो जमिनीवर पडला तर घड्याळ थांबेल, म्हणजे चौथ्या डाउनला फील्ड गोल मारायला सवड राहील. तिसरी वाट थेट घुसण्याची. तीत अडवलं गेलं तर घड्याळ पळत राहणार, टाइमआउट एकही नाही, आणि माणसांचा ढीग उठून बाजूला होईपर्यंत सामना खलास. हिशेबी माणूस पास निवडेल. डॅलसच्या बचावालाही त्याचीच अपेक्षा होती. स्टार म्हणाला, पळणाऱ्यांचे पाय घसरताहेत, मी जागच्या जागी उभा असतो, मीच घेऊन घुसतो. लोम्बार्डींचं उत्तर साधारण असं होतं की मग घुस आणि निघूया इथून.

स्टारने सहकाऱ्यांना खेळी सांगितली ती नेहमीचीच, फुलबॅक चक मर्सीनकडे चेंडू देण्याची. चेंडू स्वतःकडेच ठेवणार आहे हे त्याने कुणालाच सांगितलं नाही. गार्ड जेरी क्रेमर आणि सेंटर केन बोमन यांनी डॅलसच्या जेथ्रो प्यूला मागे रेटलं. प्यू जरा उंचच उभा राहतो, त्याच्या खालून शिरता येईल, हे क्रेमरने त्या आठवड्यात चित्रफिती बघताना हेरून ठेवलं होतं. त्या फटीतून स्टार पलीकडे पडला. त्या क्षणाच्या प्रसिद्ध छायाचित्रात मागून झेपावलेल्या मर्सीनचे दोन्ही हात वर आहेत. बघणाऱ्याला तो टचडाउनचा जल्लोष वाटतो. प्रत्यक्षात, आपल्याला चेंडू मिळणार नाही हे कळल्यावर मर्सीन पंचांना दाखवत होता की मी स्टारला मागून ढकलत नाहीये, कारण तसं ढकलणं तेव्हा नियमबाह्य होतं.

२१-१७. गोठलेल्या प्रेक्षकांना अशा थंडीत जादा वेळ बसवणं आपल्याला पटलं नाही, असं लोम्बार्डी नंतर म्हणाले. डॅलसचे प्रशिक्षक टॉम लँड्री यांची प्रतिक्रिया जास्त नेमकी होती: निर्णय चांगला नव्हता, पण आता तो थोर ठरलाय, अशा अर्थाचं ते बोलले. हरलेल्या माणसाची कुरकुर म्हणून ती सोडून देता येत नाही. स्टारचा पाय सहा इंच मागे अडकला असता तर लोम्बार्डींच्या नावाने सुपर बोलचा जो करंडक दिला जातो तो आज दिला गेला असता का, कुणी सांगावं.

त्यानंतरचा प्रसिद्ध यार्ड ३० जानेवारी २०००चा, अटलांटातल्या सुपर बोलमधला. सेंट लुइस रॅम्स २३, टेनेसी टायटन्स १६. सहा सेकंद उरलेली, चेंडू दहा यार्डांवर, टायटन्सकडे टाइमआउट नाही. क्वार्टरबॅक स्टीव्ह मॅकनेअरने आडवा कापत येणाऱ्या केविन डायसनकडे पास टाकला. रॅम्सचा लाइनबॅकर माइक जोन्स तेव्हा टायटन्सच्या फ्रँक वायचेकमागे धावत होता, त्याला तसं खेचून नेण्यासाठीच वायचेक पळाला होता. पण जोन्सने खांद्यावरून मागे पाहिलं, पास डायसनकडे गेलेला दिसला, आणि तो धावता धावता वळला. एक हात पायांभोवती, दुसरा गुडघ्यापाशी. डायसन पडला, पडतापडता लोळला आणि चेंडूचा हात त्याने जमेल तेवढा लांब केला. गोल लाइन एक यार्ड पुढेच राहिली आणि घड्याळ शून्यावर.

या प्रसंगाच्या आठवणीत एक गोष्ट हमखास गळते. डायसन पोचला असता तरी तेवढ्यावर टायटन्स जिंकले नसते. टचडाउनचे सहा गुण मिळून २३-२२ झालं असतं, मग जादा गुणाची किक, आणि ती बसली तर बरोबरी. लोकांनी मात्र तो यार्ड जेतेपदाचा यार्ड म्हणूनच मनात ठेवलाय.

त्या दिवशी रॅम्सचा क्वार्टरबॅक होता कर्ट वॉर्नर. काही वर्षांपूर्वी आयोवातल्या एका सुपरमार्केटमध्ये रात्री फडताळं भरणारा हा माणूस अटलांटात सामनावीर ठरला. नऊ वर्षांनी, १ फेब्रुवारी २००९ला टॅम्पातल्या सुपर बोलमध्ये, तोच वॉर्नर अ‍ॅरिझोना कार्डिनल्सकडून पिट्सबर्ग स्टीलर्सविरुद्ध खेळत होता. पहिल्या अर्ध्याची १८ सेकंदं उरलेली, कार्डिनल्स ७-१० ने मागे, चेंडू एका यार्डावर. स्टीलर्सचा जेम्स हॅरिसन वॉर्नरवर तुटून पडेल अशीच बचावाची आखणी होती. हॅरिसनने तशी हूल दिली आणि मागे सरकून बरोबर पासच्या वाटेत उभा राहिला. गोल लाइनवर चेंडू हाती लागला आणि तो शंभर यार्ड पळत सुटला. वाटेत साथीदार आडवे येणाऱ्यांना उलथवत होते, आणि पलीकडच्या एंड झोनमध्ये तो पडला तोवर पहिल्या अर्ध्याची वेळ संपलेली होती. १४-१० अशी आघाडी घेऊ पाहणारे कार्डिनल्स ७-१७ असे मागे पडले. सामना गेला २३-२७ असा. एका यार्डाने वॉर्नरला दिलं आणि एका यार्डानेच परत घेतलं.

आता ज्याच्यावर सर्वांत जास्त शाई खर्च झाली तो यार्ड. १ फेब्रुवारी २०१५, अ‍ॅरिझोनातलं ग्लेनडेल, पुन्हा सुपर बोल. भारतात सोमवारची सकाळ उजाडलेली. न्यू इंग्लंड पेट्रियट्स २८, सिअ‍ॅटल सीहॉक्स २४. सिअ‍ॅटलच्या जर्मेन कर्सने पाठीवर पडल्यापडल्या, पायाला आणि हाताला आपटून उडणारा चेंडू झेलला आणि संघ पाच यार्डांवर पोचला. त्याच्यावर पहारा होता माल्कम बटलर या नवख्या कॉर्नरबॅकचा. चेंडूला आधी हात लावला होता बटलरनेच, आणि उठून पळू पाहणाऱ्या कर्सला बाहेर ढकललंही त्यानेच. पुढच्या डाउनला मार्शॉन लिंच हा दांडगा धावपटू चार यार्ड घुसला. खांदा दुखावलेल्या डॉन्टा हायटावरने त्याला एका यार्डावर पाडलं.

घड्याळ चालू होतं. पेट्रियट्सचे प्रशिक्षक बिल बेलिचिक टाइमआउट घेतील असं सगळ्यांना वाटत होतं. ते गप्प उभे राहिले. २६ सेकंद उरली तेव्हा सिअ‍ॅटलने दुसरा डाउन खेळला, आणि रसेल विल्सनने लिंचकडे चेंडू न देता पास टाकला. बटलरने तो रिकार्डो लॉकेटच्या पुढ्यातून उचलला.

प्रशिक्षक पीट कॅरल यांना त्या रात्रीपासून मूर्खात काढलं गेलं. लिंचसारखा माणूस हाताशी असताना पास? पण त्यांचा हिशेब मांडून बघा. तीन डाउन, २६ सेकंद, एकच टाइमआउट. तिन्ही वेळा धावायचं तर तिसऱ्या धावेला घड्याळ पुरेल याची खात्री नाही. मध्ये एक पास टाकला आणि तो वाया गेला तर घड्याळ आपोआप थांबतं, टाइमआउट शिल्लक राहतो, तिन्ही डाउन पदरात पडतात. शिवाय बेलिचिकनी धावा अडवणारी जाडजूड माणसं मैदानात आणलेली होती. त्या हंगामात एका यार्डावरून लीगभरात शंभराहून जास्त पास टाकले गेले होते आणि एकही प्रतिस्पर्ध्याच्या हाती लागला नव्हता. लिंच त्याच अंतरावरून पाच वेळा धावला होता, टचडाउन एकच. म्हणजे १९६७ला हिशेब धुडकावून स्टार घुसला, तो अजरामर झाला. २०१५ला हिशेबाला धरून पास टाकला, तो अक्षम्य ठरला. पास टाकणं चुकलं असं म्हणवत नाही. चुकली ती त्या पासची जात: कोपऱ्यात उंच टाकण्याऐवजी गर्दीच्या मधून, आणि तोही एरवी किक-संघातच जास्त दिसणाऱ्या लॉकेटकडे.

आणि समोरचे तयारी करून आले होते. सिअ‍ॅटलची खेळी अशी की पुढे उभ्या कर्सने बटलरची वाट अडवायची आणि त्याच्या मागून लॉकेटने आत कापायचं. पण कर्ससमोर होता ब्रँडन ब्राउनर, आदल्या हंगामापर्यंत सिअ‍ॅटलचाच खेळाडू. त्याने कर्सला जागचं हलू दिलं नाही. बटलरला ही खेळी ठाऊक होती, कारण त्याच आठवड्यात सरावात राखीव क्वार्टरबॅक जिमी गॅरोपोलोने तीच त्याच्यावर चालवली होती आणि बटलर वळसा घालून पोचेपर्यंत टचडाउन झालं होतं. बेलिचिकनी तेव्हाच त्याला सुनावलं होतं की इथे तू आधी पोचलाच पाहिजेस. ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, कुणीही न निवडलेला, छोट्या वेस्ट अलाबामा विद्यापीठातून चाचणीला आलेला, कधीकाळी तळलेलं चिकन विकणाऱ्या दुकानात काम केलेला हा मुलगा या वेळी सरळ धावला. एनएफएलमधला त्याने पकडलेला तो पहिलाच पास.

तरी सामना संपला नव्हता. चेंडू आता पेट्रियट्सचा, पण त्यांच्याच गोल लाइनला चिकटून. २० सेकंद बाकी. अशा वेळी क्वार्टरबॅक चेंडू घेऊन गुडघा टेकतो आणि घड्याळ पळवतो. इथे टॉम ब्रेडीने गुडघा टेकला असता तर तो स्वतःच्याच एंड झोनमध्ये, म्हणजे सिअ‍ॅटलला दोन गुण, वर चेंडूही परत. सिअ‍ॅटलच्या मायकल बेनेटने घाई केली, चेंडू हलण्याआधीच तो रेषा ओलांडून आला आणि पाच यार्डांचा दंड झाला. ब्रेडीला गुडघा टेकायला जागा मिळाली. पाठोपाठ मैदानात हातघाई झाली, ब्रूस अर्विनला बाहेर काढलं गेलं, आणि २८-२४ असा सामना संपला. सामनावीर म्हणून ब्रेडीला मिळालेला ट्रक नंतर बटलरच्या दारात उभा राहिला.

पुढच्या आठवड्यात याच ग्लेनडेलच्या मैदानावर, सात वर्षं मागे: एकही सामना न हरलेले पेट्रियट्स, आणि हेल्मेटवर चेंडू दाबून धरणारा डेव्हिड टायरी.