बालेवाडीची दुहेरी

अविनाश साबळे यांच्या धावण्याचा रास्त अभिमान बाळगणाऱ्या बीड जिल्ह्यातील वाचकास टेनिसचा परिचय बहुधा वर्तमानपत्रांतूनच झालेला असतो, आणि तेथेही एकेरीच्या वलयापुढे पुरुष दुहेरीच्या वाट्यास दोन ओळींपलीकडे काही येत नाही. वस्तुतः व्यावसायिक दुहेरीचे कायदे स्वतंत्र असून ते समजून घेण्याजोगे आहेत. एकेरीचे मैदान 27 फूट रुंद, तर दुहेरीत दोन्ही अंगांच्या पट्ट्या जमेस धरून ते 36 फुटांचे होते. बहुतेक स्पर्धांत गुण 40-40 असे समसमान झाले की एकाच निर्णायक गुणावर गेमचा निकाल लागतो, व सर्व्हिस कोणत्या बाजूने घ्यावी हे ठरविण्याचा अखत्यार परतवणाऱ्या जोडीस असतो. तेथे एकेक सेट वाटून गेल्यास तिसऱ्याऐवजी दहा गुणांचा टायब्रेक होतो. मात्र जिंकण्यास दोन गुणांची आघाडी आवश्यक.

या कायद्याचे उत्तम उदाहरण पुण्याच्या बालेवाडी क्रीडासंकुलातील महाराष्ट्र ओपनमध्ये सापडते. चेन्नईहून 2018 साली तेथे आलेल्या या स्पर्धेच्या 2022 मधील अंतिम सामन्यात रोहन बोपण्णा व रामकुमार रामनाथन यांनी, पहिला सेट टायब्रेकमध्ये गमावल्यावर, ल्यूक सॅव्हिल व जॉन-पॅट्रिक स्मिथ या ऑस्ट्रेलियन जोडीस 6-7, 6-3, 10-6 असे नमविले. बोपण्णांनी 2019 मध्येही दिविज शरणसह हेच अजिंक्यपद मिळविले होते. जोडीदार बदलूनही टिकणारे असे कौशल्य, आमच्या मते, एकेरीतील नैपुण्याहून कमी प्रतीचे नव्हे. 2023 मध्ये बेल्जियमच्या जिले-व्लीगेन जोडीने विजेतेपद नेले, आणि त्यानंतर ही स्पर्धा पुण्यात भरली नाही.