आधी शिक्षक, मग सहल
शाळेची संग्रहालय-सहल म्हणजे रांग, धावती नजर आणि डबा. न्यूयॉर्कमध्ये २००४ साली सुरू झालेल्या ‘अर्बन अ‍ॅडव्हान्टेज’ उपक्रमाने हा शिरस्ता मोडला. अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीच्या पुढाकाराने शहरातील प्राणिसंग्रहालये, वनस्पती उद्याने व मत्स्यालय यात एकत्र आली. येथील शिक्षणतज्ज्ञ आधी माध्यमिक वर्गांच्या विज्ञानशिक्षकांना प्रशिक्षण देतात. खरी अडचण साधनांपेक्षा प्रश्नाची. ‘डायनासोर का नष्ट झाले?’ याचे उत्तर विद्यार्थी पुस्तकातून उतरवतो. ‘सावलीतली पाने उन्हातल्या पानांहून मोठी असतात का?’ यासाठी मात्र उद्यानात मोजपट्टी घेऊन जावे लागते, तेही एकदा नव्हे. म्हणूनच कुटुंबासह पुन्हा येण्यासाठी मोफत प्रवेशपत्रे मिळतात. तिकीट न परवडणाऱ्या घरातील मुलाचा प्रकल्प बहुधा या कागदावरच तरतो.