काल मासे लागले, आज एकही नाही. असं का होतं? उत्तर पंचगंगेच्या पाण्यात आहे

कालचाच बंधारा, तोच गळ, तेच गांडूळ. काल तासाभरात पाच-सहा मासे लागले आणि आज सकाळपासून दोर हललेलासुद्धा नाही. कबनूर, इचलकरंजी, रुई या पट्ट्यात पंचगंगेवर गळ टाकणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. बहुतेक जण "आज नशीब नाही" म्हणत उठतात.

पण मासा खाणार की नाही, हे बऱ्याच अंशी पाणी ठरवतं. आणि पंचगंगेसारख्या नदीत हे समजून घेणं फक्त मासे पकडण्यापुरतं राहत नाही. ताटात काय येतंय, हाही प्रश्न त्यात आहे.

माशाची भूक तापमानावर चालते

माणसाच्या शरीराचं तापमान साधारण कायम असतं. माशाचं तसं नाही. पाणी जेवढं गार, तेवढाच मासाही गार. थंडीत रोहू, कटला, मृगळ यांचं पचन मंदावतं आणि भूक कमी होते. म्हणून डिसेंबर-जानेवारीत पहाटे गळ रिकामा राहतो, पण ऊन चढल्यावर त्याच जागी मासा लागू शकतो.

उन्हाळ्यात अडचण वेगळी असते. पाणी जितकं गरम, तितका त्यात ऑक्सिजन कमी मावतो. २० अंश सेल्सिअसला एक लिटर पाण्यात जास्तीत जास्त सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो. ३० अंशांना साधारण साडेसात. त्याच वेळी माशाच्या शरीराची ऑक्सिजनची गरज मात्र वाढलेली असते.

खाल्लेलं पचवायलाही ऑक्सिजन लागतो. त्यामुळे श्वास अपुरा पडू लागला की मासा आधी खाणं कमी करतो. समोर गांडूळ असलं तरी तो तोंड लावत नाही.

अमेरिकेतही हेच कोडं

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर 'स्ट्राइप्ड बास' नावाचा अंगावर पट्टे असलेला मासा होडीतून पकडतात. तो लहरी म्हणून प्रसिद्ध आहे. आज एका जागी तुटून पडतो, उद्या तिथे दिसतही नाही.

यामागे दोन मोठी कारणं आहेत. एक म्हणजे तो छोट्या माशांच्या थव्यामागे फिरतो. थवा हलला की बासही हलतो. दुसरं म्हणजे चेसापीक उपसागरात उन्हाळ्यात वरचं पाणी फार गरम होतं आणि तळाच्या पाण्यात ऑक्सिजन उरत नाही. मग हा मासा मधल्या अरुंद थरात अडकतो. गळ त्या थरात पोहोचला नाही, तर होडीखाली मासे असूनही हाती काही लागत नाही.

मासा आहे, पण खात का नाही?

आपल्याकडेही प्रत्येक माशाचा थर ठरलेला आहे. कटल्याचं तोंड वरच्या बाजूला वळलेलं असतं, तो पृष्ठभागाजवळ खातो. रोहू मधल्या थरात असतो आणि मृगळ तळाशी चरतो. तळाला टाकलेल्या गळाकडे कटला सहसा फिरकत नाही.

आवाजाचाही परिणाम होतो. पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून जास्त वेगानं जातो. रोहू-कटल्याच्या गटातल्या माशांमध्ये हवेची पिशवी आणि कान यांना जोडणारी बारीक हाडं असतात, त्यामुळे त्यांना चांगलं ऐकू येतं. होडीत डबा आपटला तरी त्यांना कळतं.

शिवाय मासा शिकतोही. नेदरलँड्समध्ये कार्प माशांवर झालेल्या आणि १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, एकदा गळाला लागून सुटलेला मासा पुन्हा लागणं अवघड होतं, असं दिसलं.

हवेच्या दाबाचं काय?

'हवेचा दाब बदलला की मासा खात नाही' असं अनेक जण मानतात. गणित मात्र वेगळं सांगतं. मासा एक मीटर खाली गेला की त्याच्यावरचा दाब सुमारे १०० मिलीबारनं वाढतो. ढगाळ हवेमुळे होणारा बदल त्यापेक्षा खूपच कमी असतो. पाऊस येताना प्रकाश, वारा, तापमान हेही बदलतं आणि त्यांचा परिणाम जास्त असण्याची शक्यता आहे.

पंचगंगेत वेगळं काय घडतं?

प्रयाग चिखलीजवळ सुरू होणारी पंचगंगा कोल्हापूर, इचलकरंजीवरून नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. वाटेत कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. पावसाळ्यानंतर त्यांना बरगे घातले की पाणी अडतं. शेतीला ते हवंच असतं, पण उन्हाळ्यात प्रवाह मंदावतो आणि पाणी साचून राहतं.

त्यात सांडपाणी आणि कारखान्यांचं पाणी मिसळलं की ती घाण कुजवणारे जीवाणू ऑक्सिजन वापरून टाकतात. वर जलपर्णी पसरली की पाण्यात ऊन पोहोचत नाही. रात्री शेवाळ ऑक्सिजन तयार करत नाही, उलट वापरतं. म्हणून पहाटे ऑक्सिजन सर्वांत कमी असतो. पहिल्या वळवाच्या पावसात ओढ्यात साचलेली घाण एकदम नदीत आली, तरी अशीच वेळ येते.

या मासळीला सुखानं जगायला लिटरमागे साधारण ५ मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो. प्रमाण बरंच खाली गेलं की मासे मरू लागतात. इचलकरंजी, रुई, तेरवाड परिसरात मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या घटना अनेकदा घडल्या आहेत.

मासे वर आले म्हणजे भूक लागली?

गफलत इथेच होते. पहाटे शेकडो मासे पाण्यावर तोंड काढून हलताना दिसले, की काठावर गर्दी होते. गळाची गरज नसते, बुट्टीनंसुद्धा मासे निघतात. पण हे मासे खायला नाही, श्वास घ्यायला वर आलेले असतात. मरळ आणि मांगूर याला अपवाद आहेत. हवेतून श्वास घेणं हा त्यांचा स्वभावच आहे. रोहू-कटला मात्र असे वर आले, तर नदी गुदमरली आहे असं समजावं.

पाण्यात फक्त ऑक्सिजन कमी आहे की काही विषारी मिसळलंय, हे काठावरून डोळ्यांनी ओळखता येत नाही. त्यामुळे असे मासे घरी नेऊ नयेत आणि विकतही घेऊ नयेत. ठिकाण आणि वेळ लिहून फोटो काढावा आणि ग्रामपंचायत किंवा प्रदूषण नियंत्रण मंडळाला लगेच कळवावं. पाणी वाहतं असल्यामुळे नमुना जितका उशिरा घेतला जाईल, तितकं कारण शोधणं अवघड होतं.

थोडक्यात, दिवसभर गळ रिकामा राहिला तर जागा, थर किंवा वेळ बदलून बघता येते. पण मासे न मागता हातात येऊ लागले, तर त्या दिवशी पाण्याची तक्रार करणं जास्त गरजेचं आहे.